गांडुळं जिवंत आहेत, मग कीटकनाशक सुरक्षित का?

फवारणीनंतरही शेतात गांडुळं जिवंत दिसतात, मग औषधाने त्यांचं काही बिघडत नाही असं धरायचं का, आणि हे तपासतात कसं, असं तुम्ही विचारलंय. तसं धरू नका. ज्या मात्रेला एकही गांडूळ मरत नाही, त्या मात्रेलाही पिल्लं निम्म्यावर येऊ शकतात. एमएस्सीला मी ही चाचणी स्वतः लावली होती, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार संघटनेच्या २२२ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेतली, २००४ सालची. गांडूळखतात वापरतो तीच आयसेनिया फेटिडा जात घ्यायची, पण गळ्याजवळचा फुगीर पट्टा स्पष्ट दिसणारी, वयात आलेलीच. एका डब्यात साधारण अर्धा किलो माती आणि १० गांडुळं. माती शेतातली नसते. ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन (पांढरी चिकणमाती) आणि १० टक्के पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) मिसळून ती तयार करतात, म्हणजे कुठल्याही प्रयोगशाळेतले आकडे एकमेकांशी ताडता येतात. तापमान २० अंश लागतं. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये ते सांभाळताना माझी झोप उडाली होती.

औषध वेगवेगळ्या मात्रांत मातीत मिसळायचं, काही डबे बिनऔषधाचे ठेवायचे. २८ दिवसांनी मोठी गांडुळं काढून मोजायची, त्यांचं वजन करायचं. गांडुळांची अंडी असलेले कोश मात्र मातीतच राहू द्यायचे. आणखी २८ दिवसांनी डबे ५०-६० अंशांच्या पाण्यात ठेवले, की वीसेक मिनिटांत पिल्लं उष्णतेने वर येतात. दोऱ्याच्या तुकड्यांसारखी ती पिल्लं एकेक करून मोजायची. खरा निकाल हाच आकडा.

बिनऔषधाच्या प्रत्येक डब्यात किमान ३० पिल्लं हवीत, नाहीतर अख्खी चाचणी बाद. माझी पहिली अशीच गेली. खाद्य म्हणून घातलेलं शेण ज्या जनावरांचं होतं, त्यांना नुकतंच जंताचं औषध दिलेलं होतं, हे मला मागाहून कळलं. दोन महिने वाया गेले. तुम्ही चाचणी लावणार असाल तर शेण कुठून येतंय हे आधी विचारा.

मात्रा ठरवताना शेतातल्या फवारणीशी सांगड अशी घालतात: वरची ५ सेंटीमीटर माती धरली तर हेक्टरी साडेसात लाख किलो भरते. म्हणजे हेक्टरी १ किलो क्रियाशील घटक (औषधातलं प्रत्यक्ष काम करणारं रसायन) पडला, तर किलोभर मातीत साधारण १.३३ मिलिग्रॅम. कार्बेन्डाझिम हे आपल्या ओळखीचं बुरशीनाशक. किलोमागे १ ते ५ मिलिग्रॅमलाच ते प्रजननावर परिणाम दाखवतं, म्हणून चाचणी नीट चाललीय का हे पडताळायला तेच वापरतात.

एक मर्यादा मला खटकते. आयसेनिया उकिरड्यात, शेणात रमणारी. शेतातल्या मातीत बिळं करणारी आपली गांडुळं वेगळी. त्यामुळे स्वतःच्या शेताचा अंदाज हवा असेल, तर पावसाळ्यात फवारलेल्या आणि न फवारलेल्या जागेतली सारखीच माती खणून चाळा आणि कोश, पिल्लं वेगळी मोजा. मोठी गांडुळं फवारणीच्या आधीचीही असू शकतात.