मँगनीज फ्लेक्सच्या कंपनीत केमिस्ट्रीच्या मुलीने जावं का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीतून क्वालिटीच्या जागेसाठी बोलावणं आलंय, कंपनी इलेक्ट्रोलिटिक मँगनीज फ्लेक्स मागवून विकते, आणि मुलीचे बाबा म्हणतायत की धातूच्या तुकड्यांच्या धंद्यात कसलं करिअर, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे.

ताई, बाबांची काळजी मला कळते, पण त्यांनी माल बघितला, गिऱ्हाईक बघितलं नाही. हे फ्लेक्स कोण कोण विकत घेतं ते बघा, मुलीला पुढे कुठे कुठे जाता येईल ते तिथेच दिसतं.

फ्लेक्स म्हणजे मँगनीज सल्फेटच्या द्रावणातून करंट सोडून कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकाच्या पत्र्यावर, जमवलेला धातू, साधारण ९९.७ टक्के शुद्ध. जगातला बहुतेक माल चीनमध्ये बनतो. साध्या हाय कार्बन फेरोमँगनीजमध्ये, म्हणजे लोखंड आणि मँगनीजच्या स्वस्त मिश्रधातूत, ६ ते ८ टक्के कार्बन असतो आणि यात ०.०४ च्या आसपास, त्यामुळे जिथे कार्बन आणि फॉस्फरस वाढलेला अजिबात चालत नाही तिथे लोक जास्त पैसे मोजून हाच माल घेतात. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्टीलवाले. २०० सिरीजच्या स्टेनलेसमध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात, २०१ ग्रेडमध्ये ५.५ ते ७.५ टक्के, स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांमध्ये पण ही सिरीज खूप असते. मग ॲल्युमिनियमवाले, ३००३ अलॉयमध्ये एक ते दीड टक्का, त्यांना बरेचदा पावडर दाबून केलेल्या टॅबलेट लागतात, आणि ॲल्युमिनियम रोलिंग तर तुमच्या जवळ तळोज्यातच चालतं. वेल्डिंग रॉडवाले आहेत. चार्जरमधल्या फेराइट कोअरला, म्हणजे तारेची गुंडाळी ज्यावर असते त्या चुंबकीय गाभ्याला, मँगनीजचा ऑक्साइड लागतो तो या धातूपासून करतात, बॅटरीचं मँगनीज सल्फेट पण करता येतं.

आता कामाचं बोलू. या मालाच्या सर्टिफिकेटवर मँगनीजचा आकडा बहुतेक वेळा थेट मोजलेला नसतो, कार्बन, सल्फर, फॉस्फरस, सिलिकॉन, लोखंड, सेलेनियम मोजायचं आणि शंभरातून वजा करायचं, म्हणजे अशुद्धी नीट मोजता येणं हीच खरी विद्या, आणि ती एकदा हातात बसली की स्टील, ॲल्युमिनियम, फार्मा कुठल्याही लॅबमध्ये विचारतात. म्हणून मी जा म्हणेन, पण एका अटीवर.

कंपनीची स्वतःची लॅब आहे का हे आधी विचारा, कार्बन सल्फर ॲनालायझर, आयसीपी (धातूंचं अगदी बारीक प्रमाण मोजणारं मशीन) वगैरे, आणि मुलीला तिथे हात लावू देणार का. सगळं टेस्टिंग बाहेर आणि तिने फक्त सर्टिफिकेट ईमेल करायचे असतील तर सरळ नाही म्हणा, तो क्लार्कचा जॉब आहे, मग बाबांची बँक काय वाईट. पावडरचं काम असेल तर मास्क आणि धूळ ओढणारी यंत्रणा आहे का ते तिने डोळ्यांनी बघावं, मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, यात तडजोड नको.

दोनेक वर्षांनी ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एमएससी करावी, नंतर गेट दिली तर मटेरियल्सच्या एमटेकला काही आयआयटी केमिस्ट्रीवाल्यांनाही घेतात. इंटरव्ह्यूला जाताना बाबांना सोबत न्या, लॅब दाखवतात का ते विचारा, आणि ऑफर लेटरवर पोस्ट काय लिहिलीय ते मला कळवा.