‘चमकणारे’ नॅनोकण?

विचारणा अशी: कर्करोगावरच्या एका लेखात ‘चमकणारे पॉलिमर नॅनोकण’ (लांब साखळीसारख्या रेणूंचे, मीटरच्या अब्जांशांत मोजायचे बारीक कण) असं वाचलं. ‘फ्लुओरेसंट’ला ‘चमकणारे’ चालेल का?

मला नाही चालणार. वीज चमकते ती स्वतःच्या उजेडाने, घासलेलं पितळ चमकतं ते परक्या उजेडाने. फ्लुओरेसंट पदार्थ दोन्हींत बसत नाही. तो एक उजेड पोटात घेतो आणि वेगळ्याच रंगाचा बाहेर टाकतो. घरी बघता येतं. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ बसू द्या आणि अंधारात वरच्या निवळीवर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारा. पिवळ्या निवळीतून हिरवट उजेड फुटतो. टॉर्च विझवला की तोही गेला.

म्हणून ‘प्रतिदीप्त’ मला पटतो. प्रतिध्वनी, प्रतिसाद यांतला ‘प्रति’ इथे नेमका बसतो: आधी साद, मग उत्तर. फक्त प्रतिध्वनीत तोच आवाज परत येतो, इथे रंग बदलतो. ‘अनुस्फुरण’ही वाचनात येतो, पण स्फुरण म्हटलं की मला बाहू आणि कविताच आठवतात. मूळ शब्द तरी कुठे शहाणा आहे! भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सने १८५२ मध्ये तो फ्लुओरस्पार या खनिजावरून घडवला आणि त्या खनिजाचं नाव आलं लॅटिनमधल्या ‘वाहणे’वरून, कारण धातू गाळताना मळी पातळ करायला ते भट्टीत घालत. उजेडाचा त्यात पत्ताच नाही.

पॉलिमरला ‘बहुवारिक’ आहे, पण रुग्णाच्या नातेवाइकांसाठी लिहिताना पॉलिमरच ठेवावं. ‘अब्जांश कण’ मात्र नकोच. अब्जांश असतो मीटरचा, कणाचा नव्हे. गाठीपर्यंत औषध नेणाऱ्या कणांना ‘टार्गेटेड’ म्हणतात, त्यासाठीचा ‘लक्ष्यवेधी’ हाही जरा शूर शब्द. हे कण बाणासारखे सुटत नाहीत, रक्ताबरोबर वाहत जातात. काही गाठीत अडकतात, बरेचसे यकृत आणि प्लीहेत जाऊन बसतात. ‘गाठीकडे वळवलेलं औषध’ म्हणा.

आणि ‘चमकणारे’वर शेवटचा आक्षेप. शरीराच्या आतलं दिसावं म्हणून बनवलेले पुष्कळसे कण अवरक्त (इन्फ्रारेड) उजेड देतात, कारण लाल-अवरक्त उजेड मांसातून जास्त आरपार जातो. तो कॅमेऱ्याला दिसतो, डोळ्यांना नाही. चमकणारे म्हणून ज्यांची ओळख करून द्यायची, ते समोर ठेवले तरी वाचकाला काळोखच दिसेल.