इटालियन विनोदी नाटकातील पात्रांच्या पोर्सलीन मूर्ती जर्मनीत का घडल्या?

नाटक इटलीचे असताना त्यातील पात्रांच्या सर्वांत नावाजलेल्या पोर्सलीन मूर्ती जर्मनीतल्या कशा, असे आपण विचारले आहे. चिनी धर्तीचे अस्सल पोर्सलीन युरोपात प्रथम सॅक्सनी या जर्मन राज्यात साधले आणि १७१० साली माइसेनचा कारखाना उभा राहिला. जवळच्याच ड्रेस्डेनच्या दरबारात इटालियन नटमंडळी कोमेदिया देल्लार्ते या इटालियन विनोदी नाट्यप्रकाराचे खेळ करीत, त्यामुळे रंगीबेरंगी ठिगळांच्या पोशाखातला नोकर आर्लेक्विनो आणि लाल विजारीतला कंजूष व्यापारी पान्तालोने ही सोंगे तिथल्या श्रीमंतांच्या चांगल्याच परिचयाची होती. नेपल्सच्या कापोदिमोंते कारखान्यातही अशा मूर्ती झाल्या, पण तो निघाला १७४३ मध्ये.

आज या मूर्ती काचेच्या कपाटात दिसत असल्या, तरी त्यांची मूळ जागा मेजवानीच्या मेजावर होती. शेवटी गोड पदार्थ मांडताना पूर्वी साखरेच्या किंवा मेणाच्या मूर्ती ठेवत, त्यांच्या जागी या आल्या. पाहुणे चहूबाजूंनी बसलेले असल्यामुळे मूर्ती पाठीमागूनही तितकीच पाहण्याजोगी करावी लागे. माइसेनचा शिल्पकार योहान योआखिम केंडलर याचा टोपी काढून लवणारा आर्लेक्विनो या दृष्टीने उत्तम आहे.

तरीही माझी पसंती फ्रान्झ आन्टोन बुस्टेल्लीला आहे. १७६० च्या सुमारास त्याने म्युनिकच्या न्युम्फेनबुर्ग कारखान्यासाठी जोड्याजोड्यांनी १६ पात्रे घडवली. पोर्सलीन भट्टीत सुमारे एक षष्ठांशाने आकसते आणि ऐन तापात मऊ पडते, म्हणून उभ्या मूर्तीच्या पायाला टेकू द्यावाच लागतो. इतर कारागीर तिथे झाडाचे खोड उभे करून मोकळे होत. मला ते खोड नेहमीच उपरे वाटते. बुस्टेल्लीने मात्र बैठकीचीच चपटी, वळणदार वेलपट्टी वर चढवून पात्राच्या पायाला अशी भिडवली, की टेकू म्हणून ती लक्षातही येत नाही आणि अंगाची गिरकी जणू जमिनीतूनच सुरू होते. म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात मी यांतल्या काही मूर्ती पाहिल्या, तेव्हा वस्त्रांच्या घड्या लाकडात कोरल्यासारख्या धारदार दिसल्या. न रंगवलेल्या पांढऱ्या प्रतींत त्या धारा अधिक स्पष्ट कळतात, कारण तिथे नजर अडवायला रंग नसतो.