नाशिकच्या २०२१च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर महास्फोट (बिग बँग, म्हणजे विश्वाची एका क्षणी झालेली सुरुवात) मानत नव्हते, मग विश्व सुरू कसं झालं म्हणायचे?

सुरुवात झालीच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत १९९३मध्ये मांडलेल्या सिद्धांतात विश्व अनादि आहे: ते आलटून पालटून फुगतं-आक्रसतं, एक आवर्तन साधारण ५,००० कोटी वर्षांचं, आणि नवं द्रव्य ठिकठिकाणच्या छोट्या स्फोटांतून जन्मतं. (पुराणातल्या कल्पांची आठवण होते खरी, पण हे आलंय गणितातून.) मात्र बहुतेक खगोलशास्त्रज्ञ १,३८० कोटी वर्षांपूर्वीचा महास्फोटच मानतात, कारण १९६५मध्ये जाहीर झालेलं सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण (आकाशात सगळीकडून जवळजवळ सारखंच येणारं मंद प्रारण) त्यातून सरळ उलगडतं. नारळीकरांना त्यासाठी, म्हणजे ताऱ्यांच्या प्रकाशाचं सूक्ष्मलहरींत रूपांतर कसं होतं ते सांगायला, अवकाशात लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुया गृहीत धराव्या लागल्या. मला ते ओढूनताणून वाटतं.