इंटरप्टची ‘वाटणी’ की ‘नेमणूक’?

भाऊ, तू विचारलं की प्रोजेक्ट मराठीत लिहायचा आहे तर हार्डवेअर इंटरप्ट (कार्ड, डिस्क असं यंत्र सीपीयूला ‘इकडं बघ’ म्हणून देतं तो इशारा) वेगवेगळ्या सीपीयूंवर टाकणे याला ‘व्यत्ययांची वाटणी’ लिहिलं तर चालेल का. मला दोन्ही शब्द खटकतात, वाटणी जास्त.

व्यत्यय म्हणजे संस्कृतात उलटापालट, पाणिनीचं ‘व्यत्ययो बहुलम्’ त्याच अर्थाचं. मराठीत तो अडथळा झाला, लाईट गेली की कीर्तनात व्यत्यय. पण नेटवर्क कार्डावर पॅकेट आलं आणि कार्डानं सीपीयूला कळवलं तर यात अडथळा कसला, सीपीयू हातातलं काम तिथंच ठेवतो, हँडलर, म्हणजे त्या इशाऱ्यासाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम, चालवतो आणि जिथं थांबला होता तिथून परत सुरू करतो. आपल्याकडं याले सरळ ‘आवाज देणे’ म्हणतात ना, "बाप्पा, माय आवाज देऊन रायली, जाऊन ये." भाषांतरच हवं तर लेखी मराठीत हाक म्हण.

आता वाटणी. आपल्याकडं वाटणी म्हटली की वावराची, भावाभावात, मधात धुरा टाकला की कायमची. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कोणता इंटरप्ट कोणाकडं हे सहसा तसं कायमचं नसतं. भंडाऱ्याची पंगत आठव, चार पोट्टे वाढाले आहेत पण सगळी पंगत एकालेच आवाज देते, तो घामाघूम अन् बाकीचे बादल्या धरून उभे. लिनक्समध्ये प्रॉक (/proc) फोल्डरमधली इंटरप्ट्स नावाची फाईल उघडून पाहा, प्रत्येक सीपीयूचा एक रकाना असतो, अन् कधी कधी नेटवर्क कार्डाच्या ओळीत सीपीयू 0 खाली आकडा भराभर वाढत असतो आणि बाकी रकान्यात शून्य. हीच ती पंगत.

पण म्हणून सगळ्यांना सारखे आवाज वाटून द्यायचे असंही नाही. वरणाचा आवाज आला तर ज्याच्या हाती वरणाची बादली आहे त्यानंच जावं, भाजीवाला गेला तर त्याले आधी बादली बदलावी लागते. सीपीयूची कॅश, म्हणजे त्याच्या हाताशी असलेली छोटी वेगवान मेमरी, ही ती बादली, एका कार्डाचा इंटरप्ट त्याच सीपीयूवर येत राहिला तर लागणारा डेटा कॅशमध्ये बहुतेक वेळा तयार सापडतो. आयआरक्यू-बॅलन्स नावाचा प्रोग्राम एरवी दर 10 सेकंदांनी लोड बघून कोणता इंटरप्ट कोणत्या सीपीयूकडं ते बदलत राहतो, अन् स्वतः ठरवायचं असेल तर त्या इंटरप्टच्या एसएमपी-अफिनिटी (कोणत्या सीपीयूकडं जायचं ते सांगणाऱ्या) फाईलमध्ये आकडा लिहायचा, 1 म्हणजे पहिला सीपीयू (वरचा सीपीयू 0), 2 दुसरा, 4 तिसरा, 8 चौथा, 3 (1 अधिक 2) लिहिला तर पहिले दोन्ही.

त्या अफिनिटीले कोणी ‘आपुलकी’ लिहिलेलं दिसलं तर उचलू नको, तिथं ओढ-जिव्हाळा काही नाही, काम नेमून दिलेलं आहे. मी असतो तर इंटरप्ट शब्द तसाच ठेवला असता, वाचणाऱ्याले तोच माहीत आहे, आणि क्रियापद आपलं घेतलं असतं: "कर्नल प्रत्येक इंटरप्ट कोणत्या सीपीयूनं घ्यायचा ते नेमून देतो, आणि आयआरक्यू-बॅलन्स लोड पाहून ही नेमणूक बदलतो."