वजनामुळे गर्भपिशवीतले जंतू बिघडले का?

"ताई, माझ्या पिशवीतले जंतूच खराब आहेत म्हणे."

खुर्चीत नीट बसायच्या आत तिने रिपोर्ट पुढे केला. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) वय ३१, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, पहिली आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सायकल फेल. रिपोर्ट गर्भाशयातल्या जंतूंचा: लॅक्टोबॅसिलस, म्हणजे चांगले मानले जाणारे जंतू, ७१ टक्के आणि त्याखाली पेनाने ओढलेली लाल रेघ. सासूबाईंचं निदान तयार होतं: "चरबीने पिशवी बिघडली." पर्समध्ये एक छोटी वही होती. तिच्यात रोजची दोन वजनं, सकाळचं आणि संध्याकाळचं. रात्रीचं जेवण बंद, वर दिवसाला तीन वाट्या दही.

मी आधी त्या लाल रेघेबद्दल बोलले. पूर्वी गर्भाशय निर्जंतुक असतं असंच मानायचे. २०१६ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी आयव्हीएफ घेणाऱ्या ३५ जणींचे नमुने तपासले. ज्यांच्यात लॅक्टोबॅसिलस ९० टक्क्यांवर होते, त्यांच्यात गर्भ रुजण्याचं प्रमाण चांगलं दिसलं. लाल रेघेमागचा ९० चा आकडा तिथला. पण अभ्यास ३५ जणींचाच. शिवाय गर्भाशयात जंतू मुळातच मोजके. नमुन्याची नळी योनीमार्गातून जाते, येता-जाता तिथले जंतू चिकटू शकतात. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या 'एश्रे' संघटनेने २०२३ मध्ये ही तपासणी सरसकट करू नका असंच सांगितलंय.

"म्हणजे वजनाचा संबंधच नाही?"

आहे. जास्त वजनाच्या बायकांत, विशेषतः योनीमार्गात, लॅक्टोबॅसिलस कमी आढळल्याचे अभ्यास आहेत. पण वजनानेच जंतू बदलले आणि त्यामुळेच गर्भ रुजला नाही, ही साखळी कुणी सिद्ध केलेली नाही. तिचा गर्भ का रुजला नाही, हे या एका रिपोर्टवरून मीही सांगणार नाही आणि सासूबाईंनीही सांगू नये. दह्याचं म्हणाल तर ते जेवणात छान. पण दह्यातले जंतू वेगळ्या जातीचे, ते पिशवीत जाऊन वस्ती करतात असं नाही.

मग वजन उतरवायचं का? हो, पण उपाशी राहून नाही. नेदरलँड्समध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत उपचाराआधी सहा महिने जीवनशैली बदलून बायकांचं सरासरी ४.४ किलो वजन उतरलं. निरोगी बाळंतपणाचं प्रमाण त्याने वाढलं नाही. उपचाराशिवाय दिवस जाण्याचं मात्र वाढलं. शिवाय वजन उतरल्याने गरोदरपणातला मधुमेह आणि बीपी टळायला मदत होते, ते कारणही पुरेसं आहे. त्यासाठी उपचार किती थांबवायचे, हे वयही बघून डॉक्टरांशी ठरवायचं.

जाताना मी सहज विचारलं, "आणि मिस्टरांचं वजन किती?" तिला माहीत नव्हतं. कुणी मोजलंच नव्हतं.

पुढच्या वेळी ती त्यांना घेऊन आली. काट्यावर ९४ भरले. वहीत तिने नवा रकाना आखला.