रकाना रिकामा राहिला तरी चालेल

प्रिय मुली,

परवा तू विचारलंस, "बाळंतपण उरकल्यावर पार्टोग्राफ भरला तर काय बिघडतं?" पार्टोग्राफ म्हणजे कळा, गर्भाशयमुखाचं उघडणं आणि बाळाचे ठोके वेळोवेळी टिपायचा आलेखाचा कागद. दोघी एकदम कळा देत होत्या, तुला श्वास घ्यायला सवड नव्हती, हे मी पाहिलंय. रागावत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. बाळ रडलं, वार पडली, टाके झाले आणि मग निवांत बसून मी गर्भाशयमुख उघडल्याची चार सेंटिमीटरपासून दहापर्यंत पट्टीने आखल्यासारखी रेघ ओढली. बाळाचे ठोके लिहिले 140, 142, 140. आमच्या सीनिअर सिस्टरांनी कागद पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "सहा तास या बाळाने हूं की चूं केलं नाही?" मी मान खाली घातली.

त्या कागदाचा उपयोग बाई कळा देत असते तेवढाच वेळ. मागचा ठिपका आणि आत्ताचा ठिपका शेजारी शेजारी दिसले की थकलेल्या डोक्यालाही कळतं, काहीतरी अडलंय. नंतर भरलेला कागद कुणालाच काही सांगत नाही, उलट पुढच्या पाळीला फसवतो. वेळ चुकली तर रकाना रिकामा ठेव आणि खाली लिही, "नोंद घेता आली नाही." असा कागद मला चालेल.

जुन्या कागदावरच्या दोन तिरक्या रेघा कुठून आल्या, हे कळलं तर त्या घोकाव्या लागणार नाहीत. गर्भाशयमुख किती वेळात किती उघडतं याचा आलेख फ्रीडमन या अमेरिकन डॉक्टरने 1950च्या दशकात मांडला. 1972 मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) त्यावर रेघा आखल्या. तिथे बाळंतपणं दूरच्या दवाखान्यांत सुईणी करायच्या, आणि खरा प्रश्न असायचा, हिला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं कधी? तासाला एक सेंटिमीटर ही अलर्ट लाइन, म्हणजे सावध होण्याची रेघ. तिच्या उजवीकडे चार तासांवर अ‍ॅक्शन लाइन, म्हणजे उपाय करण्याची रेघ. त्या चार तासांत रस्त्याचा वेळ धरलेला होता.

पुढे लक्षात आलं की कितीतरी बायका तासाला एक सेंटिमीटरपेक्षा सावकाश उघडतात आणि तरी सुखरूप मोकळ्या होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये हे स्पष्ट म्हटलं आणि 2020 मध्ये 'लेबर केअर गाइड' आणलं. त्यात तिरकी रेघ नाही. नोंद पाच सेंटिमीटरपासून सुरू होते आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी मुदत आहे: पाचवर 6 तास, सहावर 5, सातवर 3, आठवर अडीच, नऊवर 2. तितका वेळ होऊनही बाई तिथेच असेल तर डॉक्टरांना कळवायचं. तुमच्या विभागात अजून जुना कागद असेल तर जुनाच नीट भर. दोन्हींचे नियम एकत्र कालवू नकोस, त्याने गोंधळच होतो.

आता हाताचं काम. कळा मोजायला पोटावर हात ठेवून पूर्ण 10 मिनिटं बस. बाईच्या चेहऱ्यावरून कळ ओळखता येत नाही. कुणी ओरडते, कुणी दात आवळून गप्प पडून राहते. दहा मिनिटांत दोन किंवा त्याहून कमी कळा आल्या तर विचार कर. पाचाहून जास्त आल्या, विशेषतः कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाइन चालू असताना, तर लगेच सांग.

ठोके अर्ध्या तासाने, आणि बाई जोर करू लागली की दर 5 मिनिटांनी. कळ चालू असताना ऐकायला लाग आणि ओसरल्यावरही निदान अर्धा मिनिट ऐक, कारण ठोके उतरले तर बहुतेकदा तिथेच सापडतात. दुसरा हात आईच्या मनगटावर ठेव. घाबरलेल्या आईची नाडी 120 वर गेली की डॉपलरवर (ठोके ऐकायच्या यंत्रावर) ती बाळाची वाटते, आणि भलतीच नोंद होते.

डोकं किती खाली आलंय हे आधी पोटावरून पाहा, पाचपैकी किती भाग हाताला लागतोय ते. नुसती आतून तपासणी फसवते: बाळाच्या टाळूवर सूज आली की बोटाला काहीतरी खाली लागतं आणि आपण खूश होतो, डोकं मात्र वरच अडकलेलं असतं. कळा जोरदार, मुख तिथल्या तिथे, मोल्डिंग (बाळाच्या कवटीची हाडं एकमेकांवर चढणं) तीन प्लस आणि पोटावरून डोकं अजून हाताला लागतंय, असं दिसलं तर चार तासांनंतरच्या तपासणीची वाट पाहू नकोस. कागद हातात घे आणि डॉक्टरांना उठव. रात्री तीन वाजता उठवल्याबद्दल बोलणी बसतील. मीही खाल्ली आहेत.

नव्या कागदाच्या सुरुवातीला सोबतीण, वेदनाशमन, पाणी पिणं आणि बाईची स्थिती असे रकाने आहेत. मुली ते न बघता भरतात. बाई उताणी असेल तर कागद तीही धोक्याची खूण मानतो, म्हणून तिथे 'हिंडती-फिरती' असं ठोकून देण्याचा मोह होतो. तू 'उताणी' असंच लिही. मग तिला कुशीवर वळव, आणि पुढच्या नोंदीत ते लिही.

तुझी,
सिस्टर